हिरोशीचे मोजे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात शिनचॅनवर पुन्हा खटला भरला गेला. फिर्यादी विश्रामबागची आत्या. तिच्या सहा वर्षांच्या नातवाने पाहुण्यांसमोर चड्डी खाली करून ढुंगण हलवलं. पाहुणेही साधेसुधे नव्हते, स्थळाकडचे होते. "हे जपानी कार्टून बंद करा, पोरं हाताबाहेर चालली," असा आत्याचा व्हॉइस मेसेज आला. इथवर माझी काही तक्रार नव्हती. मग धाकट्या चुलतभावाने पुण्याहून लिहिलं, "शिनचॅन वाह्यात निघणारच. बाप बघा ना त्याचा, तो हॅरी. बायकोचा मार खातो, मोज्यांचा घाण वास येतो, ऑफिसात कुणी विचारत नाही. असल्या नेभळटाच्या पोटी दुसरं काय येणार?"

खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या वडिलांचा.

रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी तोक्योच्या हिबिया मेट्रो लाइनमध्ये कडीला लटकून उभा होतो, आणि कुणी माझ्या सख्ख्या मामाला शिवी दिल्यासारखा मला राग आला.

पहिली गोष्ट, तो हॅरी नाही. त्याचं नाव हिरोशी, नोहारा हिरोशी. हंगामा टीव्हीवर ही मालिका हिंदीत आली तेव्हा त्याचा हॅरी केला आणि बायकोची, मिसाएची, मित्सी केली. अकितासारख्या बर्फाच्या आणि भातशेतीच्या मुलखातून आलेला हा माणूस, त्याला हॅरी म्हणायचं. वर आपणच तक्रार करायची की परदेशी लोक आपली नावं नीट घेत नाहीत. माझ्या आडनावातला 'ळ' इथे कुणालाच जमत नाही, पण निदान प्रयत्न करताना घाम फुटतो बिचाऱ्यांना.

दुसरी गोष्ट. याच ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी जपानची आरती होते. जपानी मुलं शाळेचे वर्ग स्वतः पुसतात, जपानी प्रेक्षक स्टेडियम झाडून जातात, गाडी एक मिनिट उशिरा आली तर माफी मागतात. "आपल्याकडे हे कधी होणार?" आणि हात जोडलेल्या आठ बाहुल्या. शिनचॅन त्याच जपानचा आहे, हो. फडकं मारणारा जपान तुम्हाला हवा, ढुंगण हलवणारा नको. 2008 साली तक्रारींवरून आपल्या सरकारने ही मालिका काही काळ बंदही केली होती. मी ग्रुपवर तावातावाने लिहिलं, "इथे 1992 पासून चालू आहे. इथली मुलं बिघडलेली मला तरी दिसली नाहीत." चुलतभावाचं उत्तर आलं, "दादा, तिकडे बसून बोलणं सोपं असतं."

हे वाक्य माझ्या वर्मी लागतं हे त्याला ठाऊक आहे. म्हणून मी विषय बदलला आणि हिरोशीची बाजू मांडायला घेतली. ग्रुपवर ते कुणी वाचलं नाही, तेव्हा इथे मांडतो.

हिरोशी पस्तिशीतला. तोक्योच्या कासुमिगासेकीतल्या फुताबा शोजी नावाच्या कंपनीत काकारिचो, म्हणजे छोटासा साहेब. घर कासुकाबेला, तोक्योशेजारच्या साइतामात. घराचं कर्ज फिटायला अजून 32 वर्षं. बायको, एक मुलगा, एक तान्ही मुलगी, एक कुत्रा. पायांना एवढा वास की कथेत त्या मोज्यांचा शस्त्र म्हणून वापर होतो. लेखक उसुई योशितो यांनी 1990 मध्ये ही चित्रकथा सुरू केली, तेव्हा हा माणूस थोडासा हसण्यावारी न्यायचाच होता. घरी येतो, टाय सैल करतो, बिअर उघडतो, रस्त्यावरच्या तरुण पोरींकडे बघतो आणि बायकोची बोलणी खातो. त्याच्याकडे ना जादूची पिशवी आहे ना डोळ्यांतून निघणारा किरण. तो फक्त रोज घरी येतो.

हे "फक्त" काय असतं ते मला विचारा. मी कोशिगायाला राहतो, म्हणजे त्याच्याच लाइनीवर, त्याच्या थोडं अलीकडे. सकाळी 7:12 ची गाडी पकडतो. कायाबाचोला मी उतरतो, तीच गाडी पुढे कासुमिगासेकीला जाते. इतक्या वर्षांत मला कितासेनजुच्या आधी बसायला जागा मिळाल्याचे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतील. एकदा झानग्योनंतर, म्हणजे ओव्हरटाइमनंतर, उभ्याउभ्या नव्हे, चक्क बसून झोपलो आणि कोशिगाया निघून गेलं. जाग आली ती कासुकाबेच्या फलाटावर वाजणाऱ्या शिनचॅनच्या गाण्याच्या धूनने. तिथे स्टेशनवर तेच वाजवतात. माझ्या डब्यातून सूट घातलेले चारपाच हिरोशी उतरले, कुणीही वर बघितलं नाही.

माझ्या टीममधला 28 वर्षांचा मुलगा म्हणतो, "हिरोशी तर काचिगुमी आहे," म्हणजे जिंकलेल्यांतला. एका पगारावर घर, गाडी, दोन मुलं, बायको घरात. आजच्या तोक्योतल्या पोरांना हे स्वप्नच. तीस वर्षांपूर्वी जो कुणीही सोम्यागोम्या होता, तो आता न हलता शर्यत जिंकलेला निघाला. आणि आमचा पुण्याचा चुलतभाऊ, ज्याचा वाकडला फ्लॅट आहे, वीस वर्षांचे हप्ते आहेत आणि हिंजवडीच्या त्या रस्त्यावर आयुष्य चाललं आहे, तो याला नेभळट म्हणतो. फरक इतकाच की हिरोशीला बसायला जागा मिळत नाही. याला मिळते, स्वतःच्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये अडकून.

पण हिरोशी मला आवडतो त्याचं खरं कारण 2001 चा चित्रपट आहे, केइइची हारा यांनी दिग्दर्शित केलेला, मालिकेतला नववा. त्यात केन आणि चाको नावाचं एक जोडपं आहे. नवं शतक त्यांना पसंत नाही. ते 20व्या शतकाचा वास तयार करतात, अक्षरशः वास, आणि त्या वासाने कासुकाबेतली सगळी मोठी माणसं पोरंबाळं टाकून आपल्या लहानपणात निघून जातात. हिरोशी सापडतो तो 1970 च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात, लहान मूल होऊन. चंद्रावरचा दगड बघायचा म्हणून भोकाड पसरलेला. शिनचॅन काय करतो, तर बापाचाच बूट त्याच्या नाकाला लावतो.

मग पडद्यावर संवाद नाहीत. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला छोटा हिरोशी. गाव सोडणं, तोक्यो, पहिली नोकरी, वरिष्ठांची बोलणी, मिसाए, दवाखान्यातलं बाळ, उन्हात फिरून फिरून घामाने भिजलेले पाय, रात्री उशिरा उघडणारं दार. आणि शेवटी सायकल चालवणारा तो स्वतः. तो वास त्याच्या चालण्याचा आहे, झिजण्याचा आहे. पुढे तो केनला तोंडावर सांगतो की माझं आयुष्य मुळीच कंटाळवाणं नाही. हिरोशीला आवाज देणारे फुजिवारा केइजी 2020 साली गेले, 55 व्या वर्षी. त्याआधीच, 2016 मध्ये, दुसऱ्या नटाने भूमिका घेतली होती आणि तोही चांगला आहे, पण ते हुंदके फुजिवारांचेच.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, तू का रडतोस? नुसता बूट तर आहे."

तिला काय सांगणार? माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचं दुकान. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कॉलर पिवळी, कानांच्या पाळ्या पिवळ्या, वहीच्या कडा पिवळ्या. शर्ट कितीही धुतला तरी वास जात नसे. सायकलच्या दांडीवर बसलो की तो वास माझ्या डोक्यावरून वाहायचा. शाळेत एकाने विचारलं होतं, "तुझ्या बाबांचं रोज लग्न असतं का रे?" सगळा वर्ग हसला. दहावीच्या पालकसभेला आईच येऊ दे, असं मी घरी सांगितलं. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी ते यार्डातून उशिरा आले, बहुधा मुद्दाम.

त्यामुळे चुलतभावाने वासाचे मोजे काढले तेव्हा मला ढुंगण वगैरे काही दिसलंच नाही. मला ती पिवळी कॉलर दिसली, आणि खाली बाबांचाच अंगठा.

केनचा कारखाना माझ्याही घरी आहे. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक स्टीलचा डबा, त्यात सांगलीहून आणलेली हळद. स्वयंपाकाला बायको तोक्योतल्या शिन-ओकुबोच्या दुकानातली वापरते. हा डबा मी महिन्यातून एकदा उघडतो, झाकण लावतो, परत ठेवतो. बायको काही बोलत नाही. तिच्याकडे कोथरूडची एक जुनी चादर आहे, तिला मी काही बोलत नाही.

आता एक कबुली. "इथली मुलं बिघडली नाहीत" असं मी ठणकावलं खरं, पण इथल्या पालकसंघटनेच्या पाहणीत 'मुलांना दाखवू नयेत' अशा कार्यक्रमांच्या यादीत शिनचॅन वर्षानुवर्षं वरच्या नंबरावर होता. आमच्या आत्यासारख्या आत्या इथेही घरोघर आहेत. हे मला भांडताना माहीत होतं. मी लिहिलं नाही. आपल्या लोकांशी भांडताना आख्खा जपान माझ्या बाजूने उभा असलेला मला बरा वाटतो. ऑफिसात जपान्यांशी भांडताना मी असाच आख्खा भारत उभा करतो.

आणि दुसरी, जिच्यासाठी एवढं पाल्हाळ. कोशिगायाचं घर कंपनीचं आहे असं सांगलीत सगळ्यांना वाटतं. ते कंपनीचं नाही. गेल्या मार्चमध्ये एइजूकेनचं, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचं, कार्ड दाखवून, तीन तास शिक्के मारून, मी 35 वर्षांचं कर्ज घेतलं. मी 41 चा आहे. बाबांनी सांगलीच्या घरावर वर खोली चढवली आहे, माझ्यासाठी. दर दिवाळीला तिथली गादी ऊन दाखवून परत घालतात आणि ग्रुपवर फोटो टाकतात.

परवा रविवारी फोन केला. बाबा म्हणाले, "त्या दिवशी एवढा कशाला चिडलास? तो हॅरी काय तुझा मेव्हणा लागतो?"

मी त्यांना हिरोशीची सगळी गोष्ट सांगितली, फक्त बुटाचा भाग वगळून. वही तपासावी तसे ते एकेक विचारत गेले.

"गाव किती लांब त्याचं?"

"कोमाची बुलेट ट्रेनने तीन-चार तास."

"गावी कोण आहे?"

"आईवडील. थोरला भाऊ."

"आणि हे घर भाड्याचं?"

"नाही बाबा, स्वतःचं. कर्ज काढलंय."

"किती वर्षं राहिलीत?"

"बत्तीस."

दिवाणजी थोडा वेळ गप्प होते. मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे तो काही गावी परत जात नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "या वर्षी हळद चांगली आलीय. पाठवतो थोडी."