एकाच डॉक्टरला सगळं कळू देऊ नका

घरात बाबांना बीपी निघालं की पहिली खबरदारी ही घ्यायची: त्यांचा कायमचा डॉक्टर ठरू द्यायचा नाही. आजी कशाने गेली, धाकट्याला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, बाबा दिवसाला तंबाखू-सुपारीचे किती खर्रे खातात, हे सगळं ठाऊक असलेला एक माणूस तालुक्याला टिकला, तर नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या निम्म्या दवाखान्यांच्या पाट्या उतरवाव्या लागतील. तेवढ्या लोकांच्या पोटावर पाय कशाला आणता?

थकवा आला की गावातल्याच कुणाकडून सलाईन लावून घ्यावी. डॉक्टर 'गरज नाही' म्हणाला तर उठून शेजारच्या दवाखान्यात जावं. तिथे खाट तयार असते. साध्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. म्हणजे बीपीच्या माणसाला घरी अळणी वरण वाढायचं आणि दवाखान्यात पैसे देऊन दिवसभराचं मीठ शिरेतून भरायचं. सोबत डेक्साचं (स्टेरॉइडचं) इंजेक्शन मागायला विसरू नका. दोन दिवस माणूस टुणटुणीत दिसतो. साखर वाढते आणि ताप कशाचा होता ते झाकलं जातं, पण तोवर डॉक्टर बदललेला असतो.

आता मुख्य काम, गोळ्या वाढवण्याचं. एसटीतून उतरून, जिना चढून, खर्रा थुंकल्याबरोबर बाबांचा हात मशीनमध्ये द्यावा. पाच मिनिटं टेकून बसणं, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू बंद, दंड छातीच्या पातळीवर, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजणं, असल्या भानगडीत पडू नये. आकडा 170 येतो, अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी पाचची दहा मिलिग्रॅम होते. काही आठवड्यांत घोटे सुजतात. ही या गोळीची जुनी सवय आहे आणि डोस दुप्पट झाला की सूज जास्त दिसते. गोळी वाढवणाऱ्याकडेच परत गेलात तर तो ती कमी करून मोकळा होईल. म्हणून सूज घेऊन हृदयवाल्याकडे जा. टूडी इको नॉर्मल. मग किडनीवाल्याकडे. सोनोग्राफी नॉर्मल. 'गोळी कधी वाढवली' हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण जुनी चिठ्ठी घरी राहिलेली असते. (ती घरीच ठेवायची असते.)

यावर लघवीची गोळी मिळते. पाय सुजलेत ते अंगात पाणी जास्त झालं म्हणून नव्हे. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून ते पायात झिरपलेलं असतं, त्यामुळे सूज जिथल्या तिथे राहते आणि पोटॅशियम मात्र निघून जातं. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले की हाडांचा डॉक्टर गाठावा. तो दुखण्यावर डायक्लोफेनॅक देतो, त्याने बीपी चढतं, मग पाचवा डॉक्टर टेल्मिसार्टन ही बीपीची आणखी एक गोळी जोडतो. मेडिकलवाल्याने तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने आधीच दिलेली असली तर उत्तमच, दोन्ही घ्याव्यात.

मे महिना येऊ द्या. पारा पंचेचाळीसवर, वावरात पाण्याचा पत्ता नाही, अंगातलं पाणी घामाने अन् लघवीच्या गोळीने गेलेलं. टेल्मिसार्टन आणि डायक्लोफेनॅक दोन्ही आपापल्या बाजूने किडनीच्या गाळणीतला रक्ताचा दाब उतरवतात. लघवीच्या गोळीसह तिघं मिळून क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात चढणारा आकडा) असं वाढवतात की पाचांतल्या एकाही डॉक्टरला एकट्याने ते जमलं नसतं. हगवण-उलटी लागली तेव्हा यातल्या कोणत्या गोळ्या दोन दिवस थांबवायच्या, हे फोनवर विचारायला कुणी ओळखीचा नव्हता, ही तुमच्या आधीच्या मेहनतीची कमाई.

साखरेचंही तसंच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी धाकट्याची करून घ्या, पण त्याला सिकलसेल आहे हे लॅबमध्ये बोलू नका. साध्या माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत फुटते. पेशीवर साखर चढायला वेळच मिळत नाही, म्हणून साखर असते त्याहून कमी दिसते आणि रिपोर्ट छान येतो. सिकलसेल नेहमी बघणारा, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे मुरलेला डॉक्टर हे बघून उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजायला लावेल. नागपूरच्या घाईत कुणाला सुचेलच असं नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्र लांबूनच बरं. मैदानी भागात 30 हजार आणि आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक केंद्र असा निकष, त्यात एमबीबीएस झालेला पोरगा वर्षाच्या बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेला. त्याला गावं, घरं, माणसं कळायला लागली की वर्ष संपतं, हे सरकारनेच नीट बसवून दिलंय. तुम्ही फक्त 'फुकटच्या गोळीत दम नाही' एवढं पारावर बोलत राहा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, त्यामुळे ही शंका आणखी पटण्यासारखी झाली आहे.

खर्चाची काळजी नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून यादीतल्या उपचारांना भरती झाल्यावर पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रोजची बीपीची गोळी त्यात बसत नाही, अँजिओप्लास्टी बसते. तेव्हा गोळ्या अधूनमधून सोडून थेट अँजिओप्लास्टीला पोचावं. लोक याला सरकारी योजनेचा लाभ म्हणतात जी.

एवढं करूनही तालुक्याचा एखादा म्हातारा डॉक्टर अडवायचाच. 'डब्यातल्या, खिशातल्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या, साऱ्या गोळ्या टेबलावर ओत' म्हणेल. वीस मिनिटं घालवेल, दोन गोळ्या बंद करेल, एक अर्धी करेल आणि पंधरा दिवसांनी बाबांनाच घेऊन ये म्हणेल. त्याला फी देऊ नका. नवीन औषध एकही लिहिलं नाही, मग पैसे कशाचे?