अब्रूवर घरगुती उपचार

अब्रूला जरा काही झालं की कासावीस होणाऱ्या समस्त नवरेमंडळींनी इकडचे तिकडचे सल्ले घेत न बसता सतराव्या शतकातली स्पॅनिश नाटकं वाचावीत. तिथं या दुखण्यावर रामबाण इलाज मिळतात. अब्रूचे विषय सगळ्यांत उत्तम, ते झाडून सगळ्या प्रेक्षकांना हलवतात, असं नाटककार लोपे दे व्हेगानं १६०९ सालीच नाटककारांना सांगून ठेवलं होतं. मेलेल्या बायकांना हलवता येत नाही, तेवढं सोडा.

सोप्यापासून सुरुवात करू. अब्रू आपल्या अंगात नसते, शेजाऱ्याच्या जिभेवर असते, हे आधी पक्कं डोक्यात घ्या. त्याच शतकातला नाटककार काल्देरोन, त्याच्या 'सालामेआचा अल्काल्दे'मधला (अल्काल्दे म्हणजे गावचा मुख्य आणि न्यायाधीशही) डॉन मेंदो बघा. घराणं मोठं, पण घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. बाहेर पडताना हा नोकराकडं हातमोजे मागतो आणि दात कोरायची काडी. पोटात कावळे ओरडत असले तरी दात कोरत रस्त्यानं हिंडायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, स्वारी जेवून निघाली. आणि यानं आज फेझंट पक्षी हाणलेला नाही, अशी शंका कुणी नुसती मनात आणली तरी तो मनातल्या मनात खोटं बोलतोय, हे सिद्ध करायला साहेब कुठंही तयार. एवढी इभ्रत, आणि खर्च एका काडीचा!

लग्न झालेल्यांना काडीवर भागत नाही. त्यांनी पहिलं पथ्य पाळायचं ते मौनाचं. काल्देरोनच्याच 'गुप्त अपमान, गुप्त सूड'मध्ये एक डॉन हुआन आहे. त्याला एकानं चारचौघांत खोटारडा म्हटलं (आणि हे घडलं चक्क आपल्या गोव्यात), म्हणून यानं त्याला तिथंच आडवा केला. अब्रू धुऊन निघाली? छे! पुढं लिस्बनच्या रस्त्यावर लोक बोट दाखवून म्हणतात, हाच तो, ज्याचा अपमान झाला होता. म्हणजे सूडानंच अपमानाची दवंडी पिटली. त्याचा मित्र डॉन लोपे यावरून शहाणा झाला. बायकोच्या जुन्या प्रियकराला त्यानं होडीत घालून समुद्रात नेलं, तिथं संपवलं, आणि होडी बुडाली म्हणत स्वतः भिजून किनाऱ्याला लागला. त्याच रात्री बायकोसकट घर पेटलं. लोकांनी हळहळ व्यक्त केली. राजाला खरा प्रकार कळला, तेव्हा त्यानं तोंड भरून कौतुक केलं.

पण तज्ज्ञ म्हणावा तो सेव्हिलचा डॉन गुतिएरे, काल्देरोनच्याच 'आपल्या अब्रूचा वैद्य'मधला. याच्या रोगनिदानाचा वेग बघा. पहिली प्रेयसी लिओनोर. तिच्या घरातून रात्री एक पुरुष बाहेर पडताना दिसला, संपला विषय. तो दुसऱ्याच बाईसाठी आला होता हे नंतर कळतं, पण चौकशी करत बसायला वेळ कुणाला आहे? मग मेन्सियाशी लग्न. तिच्यावर पूर्वी जीव टाकणारा राजाचा भाऊ एन्रिके न बोलावता बागेत शिरतो आणि जाताना खंजीर विसरतो. एन्रिके देश सोडून गेला तर लोक भलतंच बोलतील, या धास्तीनं ती त्याला 'जाऊ नका' असं पत्र लिहायला घेते. नवरा नेमका अर्धं लिहिलेलं पत्र ओढून घेतो. ती बेशुद्ध पडते. इथं एखादा अडाणी नवरा पाणी मारून विचारपूस करत बसला असता. गुतिएरे त्याच कागदावर खाली लिहितो: दोन तास उरलेत, ख्रिस्ती आहेस, आत्मा वाचव, जीव काही वाचायचा नाही.

मग डोळे बांधून आणलेला एक रक्त काढणारा तिची शीर उघडतो. तेव्हा कुठल्याही आजारावर रक्त काढत, त्यामुळं पट्टी सुटली आणि बिचारी गेली म्हणायची सोय होती. त्या माणसानं निघताना दारावर रक्ताचा पंजा उमटवला, म्हणून भानगड बाहेर आली. राजानं जाब विचारला तर हा म्हणतो, धंदेवाले दारावर आपली पाटी लावतात. माझा धंदा अब्रूचा, ही माझी पाटी! शिक्षा काय? लिओनोरशी लग्न. हात रक्तानं माखलाय, असं तो तिला बजावतो. ती म्हणते, असू दे. या बाईला धाडसाचं पदक द्यायचं की दृष्ट काढायची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सालामेआच्या पेद्रो क्रेस्पोच्या नादाला मात्र लागू नका. हा शेतकरी. मुलगा म्हणतो, पैसा आहे तर खानदानीपणाची सनद विकत घेऊ. हा म्हणतो, टकल्यानं टोप घातला की लोक 'टोप छान बसलाय' म्हणतात, केस आले असं कुणी म्हणत नाही. माल आणि प्राण राजाचे, पण अब्रू आत्म्याची, आणि आत्मा देवाचा, असलं काहीतरी बोलतो. कॅप्टननं मुलीला, इसाबेलला, पळवून नेऊन बलात्कार केला, तर हा तिला मारत नाही, मारायला निघालेल्या पोरालाच कोठडीत टाकतो. कॅप्टनपुढं गुडघे टेकून, सगळी मालमत्ता घे पण तिच्याशी लग्न कर, म्हणून विनवतो. नकार आल्यावर गावचा अल्काल्दे या नात्यानं त्याला पकडतो आणि गळा आवळून मारतो. सगळं उघड्यावर, कागदोपत्री! खानदानी माणसाचं डोकं उडवायचं असतं, असं राजा म्हणाला तर उत्तर तयार: आमच्याकडचे खानदानी इतके सरळ वागतात की जल्लादाला डोकं उडवायचा सरावच नाही.

अशा माणसाला राजानं कायमचं अल्काल्दे करून टाकलं. इसाबेल मठात गेली. तिथला नवरा, म्हणजे देव, कुळ बघत नाही, असं बापच सांगतो. तेव्हा घरात लेकीसुना असतील तर दोन्ही पत्ते लिहून ठेवा, रक्त काढणाऱ्याचाही आणि मठाचाही.