‘कोकणातलं जुनं घर निम्म्या खर्चात नवं’: या हिशेबात काय काय धरलेलं नाही

मे महिना जवळ आला की हा मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: कोकणातलं जुनं घर दुरुस्त करायला शहराच्या निम्मा खर्च येतो, कारण चिरा (भिंतीसाठी कापलेला जांभा दगड) गावातच मिळतो आणि मजुरी कमी असते. कौलं काढून पत्रा टाकला की छपराची कटकट संपते. मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला की त्या पक्क्या होतात. स्वतःच्या घराच्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. आणि सगळं काम मेच्या सुट्टीत उरकतं. शेवटी चौरस फुटाचा एक दर दिलेला असतो. या दरावर विसंबून छप्पर उघडलं आणि जूनचा पाऊस आला, तर राहतं घर हातचं जातं. म्हणून एकेक मुद्दा पाहू.

चौरस फुटाच्या दरापासूनच सुरुवात करावी लागेल. तो दर जमिनीच्या क्षेत्रफळावर लावलेला असतो. कोकणातल्या घराचा मोठा खर्च मात्र छपरात असतो, आणि छप्पर जमिनीपेक्षा बरंच मोठं असतं. घर ३० बाय ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट धरा. चारी बाजूंनी ३ फूट वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेलं छप्पर, धरली की ३६ बाय ४६ झालं. त्याला ३० अंशांचा उतार दिला की पाख्यांचं, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंचं, क्षेत्रफळ सुमारे १९०० चौरस फूट भरतं. मंगलोरी कौलं १०० चौरस फुटाला साधारण १४० लागतात. म्हणजे २६०० ते २७०० कौलं झाली. आढ्यावरची, म्हणजे छपराच्या माथ्यावरची, आणि फुटतील म्हणून जादा घ्यायची वेगळी. घर १२०० फुटांचं म्हणून छपराचाही हिशेब १२०० वर केला, तर तिथेच सातशे फुटांचा खड्डा पडतो.

‘चिरा गावातच मिळतो.’ खाणीवर मिळतो, घराशी नाही. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा जांभा चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. ९ इंच जाडीच्या १०० चौरस फूट भिंतीला असे १३० ते १४० चिरे लागतात, म्हणजे चार टन माल. घर घाटीखाली असेल आणि ट्रक शंभर मीटरवर थांबत असेल, तर डोक्यावरून एकेक चिरा नेताना एवढ्याशा भिंतीसाठी माणसांचं मिळून २७ किलोमीटर चालणं होतं, त्यातलं निम्मं ओझ्यासह. वाळू, खडी, सिमेंटच्या ५० किलोच्या गोणी हे सगळं त्यावर. मधे ओढ्यावरचा अरुंद साकव, म्हणजे छोटा पूल, असला की माल आधी ट्रकमधून छोट्या टेम्पोत भरायचा आणि मग डोक्यावर घ्यायचा. प्रत्येक चढ-उतारीत चिऱ्यांचे कोपरे उडतात. त्यामुळे एकाच वाडीतल्या, एकाच मापाच्या दोन घरांचा खर्च वेगळा येतो. भाव विचारताना ‘घराशी आणून, रचून’ असाच विचारावा आणि वळण, रस्त्याखालची मोरी, शेजाऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) ठेकेदाराला आधी दाखवावा.

चिरा निवडतानाही घाई नको. पिवळ्या मातीची भोकं जास्त असलेला चिरा पाणी धरतो. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो. तो निदान काही आठवडे सुकू द्यावा.

मजुरीचं म्हणाल, तर रोजाचा आकडा शहरापेक्षा कमी असेलही, पण माणसं कमी आहेत. गवंडी बाहेरून आले तर त्यांच्या राहण्याची सोय घरमालकाकडे येते. कौलारू छपराची जोडणी जाणणारे सुतार तर फारच थोडे उरलेत. ते रोजावरच येतात, चौरस फुटावर नाही.

आता पत्रा. मजकुरातला हा सल्ला सर्वात महागात पडणारा आहे. कौलारू छप्पर जागेवर राहतं ते बरंचसं स्वतःच्या वजनाने: चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो, ओलं झाल्यावर आणखी. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोचा. वारा वळचणीखाली शिरला की पत्र्याला खाली धरून ठेवायला बांधणीशिवाय काहीच नसतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती पत्रे उडाले ते सर्वांनी पाहिलं. बांधणी म्हणजे नुसते जास्त स्क्रू नव्हेत. पत्रा खालच्या आडव्या पाइपाला, पाइप कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला) आणि कैची भिंतीला धरलेली हवी. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही, म्हणून भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घालावा लागतो. हा पट्टा ‘स्वस्त पत्र्या’च्या अंदाजपत्रकात कधीच नसतो. शिवाय खाऱ्या वाऱ्यात गंज आधी स्क्रूच्या भोकांपाशी, कापलेल्या कडांना आणि वेल्डिंगच्या सांध्यांना लागतो. तिथे प्रायमर आणि रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागणार.

कौलं ठेवायची तर खर्च कुठे असतो? वाशांच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडांच्या, टोकांत. वळचणीकडचं आणि भिंतीत घुसलेलं टोक आधी कुजतं, मधला भाग बहुधा ठणठणीत असतो. टोचणीने प्रत्येक वासा तपासून कुजलेलेच बदलावेत. रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर पुस्तकातून घेऊ नये. हातातली कौलं जमिनीवर लावून मोजून घ्यावं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि तिथूनच गळती सुरू होते. जुन्यांतली धड कौलं निवडून एका पाख्यावर लावावीत, नवीन सगळी दुसऱ्या पाख्यावर. धड कौलं पाख्याभर निघाली तर एवढ्याने निम्म्या कौलांचे पैसे वाचतात आणि छप्परही गळत नाही.

‘सिमेंटच्या गिलाव्याने मातीची भिंत पक्की होते.’ उलट होतं. मातीची भिंत जोत्यातून ओल ओढते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडते. सिमेंटचा थर तिची वाट अडवतो. ओल आत साठते, माती मऊ होते आणि काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, सोबत भिंतीचा थर घेऊन. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाच्या मुलखात भिंतीचा पहिला उपाय भिंतीबाहेर असतो: वळचण पुढे काढणं, पन्हळ बसवणं, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर नेणारं गटार. त्यानंतर एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा, आणि तो सावकाश सुकू द्यायचा.

काँक्रीट वापरणार असाल तर खाडीची न धुतलेली वाळू घेऊ नका. तिच्यातलं मीठ सळया गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबच्या खालच्या बाजूचं काँक्रीट सुटून पडतं. भारतीय मानक ४५६ नुसार किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटला किमान एम-३० ही ताकदीची प्रत आणि सळईवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटर आवरण लागतं. शहरातला २० मिलिमीटरचा हिशेब इथे चालत नाही.

संडास-न्हाणी घरात आणण्याचा खर्च फरशी आणि नळांवर मोजला जातो, पण तो जमिनीखाली ठरतो. कातळ लागला की तो फोडणारा ब्रेकर तासाच्या भाड्याने येतो, आणि सेप्टिक टँकच्या खड्ड्याला किती तास लागतील ते खणल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. जांभ्यातून पाणी सहज झिरपतं, म्हणून शोषखड्डा विहिरीपासून निदान १८-२० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगालाच हवा. खोली वाढवायला मागची दरड कापणार असाल तर आधार-भिंत, तिच्यातली पाणी जायची भोकं आणि वरून येणारं पाणी वळवणारा चर हे तिन्ही त्याच खर्चात धरा. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते आठवत असेल, तर हे वगळून दर काढणाऱ्याला काम देऊ नये.

परवानगीबद्दल थोडक्यात: घर सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या, नाहीतर अर्ध्यात काम थांबतं. भरतीरेषेजवळच्या ना-विकास पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालते, पण जोत्याचं क्षेत्र वाढवता येत नाही.

राहिली मेची सुट्टी. मेमध्ये माणसं आंब्याच्या कामावर असतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि सुतार पावसाळ्याच्या बेगमीच्या गडबडीत अडकलेले असतात. काँक्रीटला साध्या सिमेंटचं असेल तर किमान ७ आणि पोझोलाना (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटचं असेल तर १० दिवस पाणी मारावं लागतं. ते टँकरने आणलं की तोही खर्च वाढला. वळीव कधीही येतो. दिवाळीनंतर लाकूड आणि चिरा मागवून ठेवावा, खोदकाम आणि टाकी डिसेंबरात, छप्पर जानेवारी-फेब्रुवारीत उघडून झाकून टाकावं, गिलावा मार्चमध्ये.

ठेकेदाराकडून एकच आकडा घेऊ नका. छप्पर पाख्याच्या चौरस फुटावर, वाहतूक फेरीवर, खोदकाम माती आणि कातळ वेगळे, बदलायचा वासा नगावर असे दर लिहून घ्या. कौलं उतरल्यावर किती वासे कुजलेले निघाले ते दोघांनी मिळून मोजा, खडूने खूण करा आणि मगच लाकडाची पुढची मागणी द्या.