जुने सागवान, नवा वाडा आणि किल्लारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भोरजवळ आम्ही बांधलेल्या वाड्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. पाडलेल्या वाड्यांचे सागवान विकत घेऊन मी वाडे पाडणाऱ्यांनाच बळ दिले, जुन्या खांबांवर नवे घर चढवणे हा इतिहासाचा बनाव आहे, आणि दगडमातीची घरे जिवावर उठतात हे किल्लारीच्या भूकंपाने दाखवून दिल्यावरही मी त्यांचे गोडवे गातो, असे आपले म्हणणे आहे. प्रश्न माणसांच्या जिवाचा असल्यामुळे शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. तिथल्या भिंती जाड होत्या, पण त्यांची आतली आणि बाहेरची तोंडे एकमेकांशी बांधलेली नव्हती. मधे दगडगोट्यांची भर होती आणि सारे मातीत बसवलेले होते. वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीचा भार. हादरा बसताच भिंतीची दोन्ही तोंडे फाकली. म्हणूनच आम्ही माळवद न घालता कौले घातली, भिंतींत ठरावीक अंतरावर दोन्ही तोंडांना सांधणारे आरपार दगड घेतले आणि जोत्यावर व दारांच्या माथ्यावर चारही भिंतींना कवेत घेणारे सलग पट्टे दिले. संरचना अभियंत्याच्या नकाशाशिवाय एकही दगड बसवलेला नाही. हे मूळ लेखात सविस्तर यायला हवे होते. ती माझी चूक.

बनावाचा आरोप मात्र मला मान्य नाही. आमच्या सोप्यावरच्या तुळईला मधोमध दोन रिकाम्या खाचा आहेत, कारण पूर्वीच्या घरात तिथे दुसऱ्या लाकडांचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी निमुळती टोके, बसत होते. त्या बुजवून वर पॉलिश मारण्याची सुतारांची तयारी होती. मी नको म्हटले. दाराच्या चौकटीवर आमच्या बांधकामाचेच साल कोरले आहे. शिवाय असे लाकूड पुन्हा वापरता येते, ते मुळात तसे जोडलेले असते म्हणूनच: खाच आणि कुसू यांचा सांधा खुंटी काढली की सुटतो, आणि चुन्यात बांधलेली वीट हातोडीने हलकेच टोकली की चुना झडून अखंड हाती येते. सिमेंटमधली वीट सोडवताना बहुधा फुटतेच. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) घालून तो चुना घाण्यात मळण्याचे काम आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या एका गवंड्यांनी दोन तरुणांना शिकवले. लगदा थापीला चिकटून न राहता लोण्यासारखा सरकला पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. पहिले तीन घाणे त्यांनी परत मळायला लावले. हे ज्ञान पुस्तकातून हाताला येत नाही, त्यासाठी कुणीतरी नवे काम काढावे लागते.

आता आपला पहिला आक्षेप, ज्याने मला खरोखर अस्वस्थ केले. आमचे लाकूड चार वेगवेगळ्या वाड्यांतून आले. ते वाडे आधीच उतरवलेले होते, असे मी स्वतःला सांगत आलो; पण सागवानाला चांगला भाव मिळतो हे दिसल्यावर दुरुस्तीपेक्षा पाडणे परवडते असे पुढच्या मालकाला वाटणार, हे आपण अचूक दाखवून दिले आहे. चेन्नईजवळच्या मुट्टुकाडूला १९९६ मध्ये खुल्या झालेल्या दक्षिणचित्र या संग्रहालयात जुनी घरे सुटी करून तिथे पुन्हा उभारलेली आहेत. त्यात निदान घराचा आराखडा तरी टिकतो. माझ्याकडे त्या चार वाड्यांचा एकही नकाशा नाही, एका वाड्याच्या चौकाची छायाचित्रे तेवढी आहेत. विहिरीजवळच्या पडवीचे काम अजून बाकी आहे. तिच्यासाठी मी पाडकामाचे लाकूड घेणार नाही. वन विभागाच्या लिलावातले सागवान घेईन आणि त्यावर त्याच सुतारांना काम देईन.

आणि लेखाच्या शीर्षकातला ‘पेशवेकालीन’ हा शब्द मी आजच काढला आहे. तिथे आता ‘नव्याने बांधलेला’ असे लिहिले आहे.