विल्यम्सबर्गचा पूल आणि आमच्या लिफ्टमधली नोटीस

आज सकाळी खाली उतरताना लिफ्टमध्ये नवी नोटीस दिसली. ‘बी विंगमधील एका सदनिकेतून वाद्याचा त्रासदायक आवाज येत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. सदर प्रकार त्वरित थांबवावा, अन्यथा दंड आकारण्यात येईल.’ खाली सही, शिक्का.

सदर प्रकार म्हणजे सोळा वर्षांचा एक मुलगा. संध्याकाळी पाच ते सहा सॅक्सोफोन वाजवतो. एक तास. नववीत असताना त्याच्या आजोबांनी घेऊन दिलेला, सेकंडहँड. अजून सूर फाटतो त्याचा, वरच्या पट्टीत गेला की किंचाळल्यासारखा येतो, हे मी रोज ऐकते. फाटणारच. फाटल्याशिवाय कुणाचा सूर लागलाय?

सातव्या मजल्यावर तीन महिने मार्बल कापत होते, त्याची नोटीस लागली नाही. दहीहंडीला गेटसमोर स्पीकरची भिंत उभी राहते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्याची वर्गणी आपण देतो. आणि एका पोराच्या रियाजाला दंड! दुपारपर्यंत गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून लिहितेय, लांबेल.

पण आधी माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला बोलायचा हक्क नाही.

१९९६ साली आम्ही माहीमला भाड्याने राहत होतो. मुलगी दोन महिन्यांची. वरच्या मजल्यावर गोव्याचे एक अंकल, हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला सॅक्स वाजवून निवृत्त झालेले. दुपारी दोन वाजले की सुरू. गाणं नाही, एकच सूर, श्वास संपेपर्यंत धरलेला. मग दुसरा. मी रात्र रात्र जागलेली असायची. एक दिवस तशीच वर गेले आणि दारातच म्हणाले, ‘अंकल, बाळ झोपत नाही हो, बंद करा ना.’ ते सॅक्स तोंडातून काढून म्हणाले, ‘सॉरी हां. बेबी उठली काय?’ एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दुपार शांत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता सॉनी रोलिन्सबद्दल, अमेरिकेतल्या जाझ संगीतातला मोठा सॅक्सोफोनवादक. माझ्या मित्रयादीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी सांगते. जन्म १९३०, न्यूयॉर्कचं हार्लेम. आईवडील कॅरिबियन बेटांवरचे. नामवंत सॅक्सवादक कोलमन हॉकिन्सची सही मिळावी म्हणून त्याच्या दाराच्या पायरीवर वाट बघत बसलेला पोरगा. शाळा सुटली की पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरी तालमीला. चार्ली पार्करचा वेग, हॉकिन्सचा भरदार टेनर सॅक्स, लेस्टर यंगची सैल चाल, त्या काळच्या सॅक्सवाल्यांचं सगळं त्याने पचवलं. पार्करचं बघून त्या पिढीतली कितीतरी मुलं हेरॉइनकडे वळली, तसा हाही वळला, तुरुंगात गेला आणि १९५५ मध्ये स्वतःहून उपचार घेऊन बाहेर आला. पुढच्याच वर्षी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही रेकॉर्ड. त्यातलं ‘सेंट थॉमस’ ऐका, आईने लहानपणी ऐकवलेली कॅलिप्सोची, म्हणजे कॅरिबियन गाण्यांची, चाल आहे. १९५७ मध्ये साथीतून पियानोच काढून टाकला, नुसता बास आणि ड्रम घेऊन काउबॉयांची गाणी वाजवली. १९५८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्यावर जवळजवळ वीस मिनिटांची रचना. पुढे सिनेमाला संगीत, फंक, १९८१ मध्ये तर रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या गाण्यातही त्याचा सॅक्स आहे. ‘काय काय केलं या माणसाने’ असं म्हणण्यापेक्षा, संगीताच्या प्रत्येक घरात शिरून तो स्वतःसारखाच राहिला, हे मला मोठं वाटतं.

आणि मध्येच, १९५९ च्या उन्हाळ्यात, नाव शिखरावर असताना तो थांबला. लोक वाखाणतायत तेवढं आपण चांगलं वाजवत नाही, असं त्याला वाटत होतं. रियाज करायचा होता. पण घर लहान, भिंती पातळ आणि शेजारी एक गरोदर बाई. तिला त्रास नको म्हणून हा माणूस सॅक्स उचलून विल्यम्सबर्ग पुलावर गेला. खाली ईस्ट रिव्हर, बाजूने धडधडणाऱ्या ट्रेन, बोटींचे भोंगे. तिथे दोन वर्षं. कडाक्याच्या थंडीत, कधी कधी दिवसाला पंधरा-सोळा तास. १९६१ च्या शेवटी परत आला आणि १९६२ च्या रेकॉर्डचं नाव ठेवलं ‘द ब्रिज’.

ही रेकॉर्ड मी पहिल्यांदा कशी ऐकली माहितीये? अंकलच्या कॅसेटवर. ते गेल्यावर आंटी गावी, बार्देशात निघाल्या. जाताना कॅसेटचा खोका मला देऊन गेल्या. एका कॅसेटवर अंकलच्या अक्षरात ‘रोलिन्स, ब्रिज’. आणि जिन्यात उभ्या उभ्या आंटी सहज म्हणाल्या, ‘तू सांगून गेलीस ना, तेव्हापासून ते कपाट उघडून कोटांमध्ये तोंड खुपसून वाजवायचे. मग म्हणाले, कपड्यांना ऐकवून काय करू? ठेवून दिला.’

ठेवून दिला.

पुलाची गोष्ट मी नंतर कधीतरी वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिले. त्या गरोदर बाईच्या जागी मी होते. फरक एवढाच की तिच्या शेजाऱ्याला पूल होता. माहीमच्या सत्तरीतल्या माणसाला कुठला पूल? कॉजवेवर जाऊन वाजवायचं?

मला मान्य आहे, रात्रपाळीहून आलेल्याला दिवसा झोप लागते. घरात आजारी माणसं असतात. माझं बाळही खरंच जागं होत होतं. ठीक आहे. पण संध्याकाळी पाच वाजता?

आणि हे सगळं कुठे चाललंय, तर पवईत! साठचं दशक संपताना हाच रोलिन्स दुसऱ्यांदा सगळं सोडून निघाला तेव्हा कुठे येऊन राहिला? पवईच्या आश्रमात. आपल्या सोसायटीपासून रिक्षाच्या अंतरावर. काही महिने योग आणि वेदान्त शिकला. ध्यानात मन लागत नाही म्हणाला, तर त्याला सांगितलं गेलं की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान. अशा जागी राहून आपण नोटिसा लावतो, राग येणार नाही तर काय होईल?

१९७८ च्या ‘जाझ यात्रा’ महोत्सवाला तो पुन्हा मुंबईत आला, धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेला. ते रंगभवनही आता शांतता क्षेत्रात गेलं, तिथलं संगीत बंद झालं. शेजारी हॉस्पिटलं आहेत, नियमाला मी वाईट म्हणणार नाही. पण शांतता मागताना बदल्यात जागा कुणी दिली? तेव्हाही नाही, आजही नाही. ‘बंद करा’ एवढंच येतं आपल्याला. मलाही तेवढंच आलं होतं. ‘अंकल, दोनऐवजी चारला वाजवाल का’ असं विचारायला काय झालं होतं माझ्या जिभेला?

२००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे टॉवर पडले तेव्हा रोलिन्स तिथून जवळच राहायचा. एकाहत्तर वर्षांचा होता. घर सोडून निघताना हातात सॅक्सोफोन घेतला आणि चारच दिवसांनी बॉस्टनमध्ये कार्यक्रम केला. पुढे फुप्फुसांच्या आजाराने वाजवणं सुटलं, तोवर तो सोडला नाही. आमच्या अंकलना कुठलाही आजार नव्हता.

दुपारी मी त्या मुलाच्या आईला भेटून आले. बिचारी माझीच माफी मागायला लागली. मला तिथे बसवेना.

रविवारी अकरा वाजता जनरल बॉडी आहे. क्लब हाउसची मागची खोली संध्याकाळी रिकामी असते, कॅरम बोर्ड धूळ खात पडलाय. ती रोज एक तास मिळावी, असा लेखी अर्ज मी देणार आहे. बी विंगवाले जे जे हे वाचतायत त्यांनी सहीला या. दार-खिडक्यांना जाड पडदे लागतील, त्याचे पैसे मी देते.

आत्ता पाच वाजून वीस मिनिटं झालीत. खिडकी उघडी ठेवलीय. अजून काही ऐकू येत नाहीये.