अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आजवर हसत हसत वापरली. मध्यंतरी ती माझ्यावरच आली. जावई तेवढा नव्हता.

अंघोळ करताना लघवीच्या जागेजवळ एक गाठ हाताला जाणवली. वाटाण्याएवढी, दुखणं नाही, खाज नाही. पुढचे अकरा दिवस मी काय केलं, तर दाराला कडी लावून मोबाइलवर फोटो बघितले. (हे करू नका. तिथं कॅन्सर आधी येतो, साधं कारण सगळ्यात शेवटी.) एकदा न राहवून दाबलंही. लाल झालं, सुजलं आणि धड बसता येईना, तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

“मॅडम, जरा... खाली...” एवढंच तोंडातून निघालं. डॉक्टरीणबाई खोकला कधीपासून विचारावं तसं विचारायला लागल्या. बाहेरच्या बाजूला की आत? वस्तरा फिरवता का? ताप? जोडीदाराला काही? तपासायला दोन मिनिटं लागली. वस्तऱ्याने कापलेला केस आत वळून त्याची गाठ झाली होती. कोमट पाण्याचा शेक, सैल सुती कपडे, वस्तरा बंद, आणि “बोटं लांब ठेवा.”

माझं साधं निघालं म्हणून सगळ्यांचं तसंच असेल असं नाही. योनीमुखाशी खालच्या बाजूला ओलावा देणारी बार्थोलिन ग्रंथी असते, तिचं तोंड बुजूनही गाठ येते. त्यात पू झाला तर चालणं मुश्किल. शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचे चामखीळ असतात. सिफिलिस या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजाराचा व्रण तर बहुधा दुखतच नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो, माणूस सुटलो म्हणतो आणि आजार मात्र अंगात राहतो. म्हणून ‘दुखत नाही, मग कशाला जायचं’ हे मला आता अजिबात पटत नाही. चाळिशीनंतर नवीन गाठ आली तर दाखवायचीच, कधी तुकडा काढून तपासावा लागतो. उलट काही पुरुषांना शिश्नाच्या टोकाच्या कडेने मोत्यांसारखे बारीक दाणे असतात, ते नैसर्गिक असतात. त्यांच्यावर औषधं घेत वर्षं घालवणारेही आहेत.

माझा खरा राग ‘गुप्तरोग’ या शब्दावर आहे. नावातच लपव म्हणून सांगितलंय! मग लोक दुकानातून स्टिरॉइडची ट्यूब आणून चोळतात, आणि नाजूक कातडी आणखी पातळ होते.

जीभ वळत नसेल तर चिठ्ठी न्या. कुठे, कधीपासून, वाढतंय का, दुखतं का. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ, कुणीही चालेल. तपासताना सोबत कुणी हवं असेल तर तसं सांगा, आणि जाण्याआधी मलम लावू नका, नाहीतर त्यांना गाठीऐवजी मलमच दिसेल.