बोरुसेविच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष नव्हते

बोग्दान बोरुसेविच हे पोलंडचे ‘निवडून आलेले माजी राष्ट्राध्यक्ष’ असल्याचा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. एप्रिल २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की विमान अपघातात गेले आणि कनिष्ठ सभागृहाचे सभापती कोमोरोव्स्की यांच्याकडे कार्यभार आला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावर ८ जुलैला कोमोरोव्स्की यांनी सभापतिपद सोडले. नवा सभापती ठरेपर्यंतचे काही तास सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे, सभापती या नात्याने बोरुसेविच हंगामी राष्ट्राध्यक्ष होते, एवढेच.

त्यांचे खरे मोठेपण वेगळेच आहे आणि तेच नेमके या मजकुरात नाही! ऑगस्ट १९८० मधला ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातला संप आखला तो त्यांनी. पहिली मागणी होती, क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविच यांना कामावर परत घ्या. पुढे कम्युनिस्ट सरकारने देशात लष्करी कायदा लावल्यावर ते भूमिगत राहिले. १९८६ मध्ये पकडले गेले.